तिकिटाआधी पासपोर्ट उघडा!

पूर्वी भिशीची सहल म्हणजे अष्टविनायक, फार तर गणपतीपुळे. आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या बायकाही दुबई, सिंगापूर, थायलंडचे बेत आखतात. नवरा नाही, मुलं नाहीत, फक्त मैत्रिणी! पण गंमत अशी, की ड्रेस कोणते घ्यायचे, चिवडा किती करायचा, याची चर्चा महिनाभर रंगते आणि पासपोर्ट मात्र ‘ह्यांच्या’ कपाटात पडून असतो. तो उघडून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आमच्या अकरा जणींचं दुबईला जायचं ठरलं, तेव्हा हिशेबाची वही माझ्याकडे होती. पैसे गोळा करण्याआधी मी एकच अट घातली. प्रत्येकीने आपला पासपोर्ट घेऊन यायचं, झेरॉक्स नव्हे, मूळ पुस्तक! त्या दुपारी नऊ पुस्तकं उघडली. दोघींकडे पासपोर्टच नव्हता. आणि मग एकेक गोष्टी बाहेर यायला लागल्या.

एक काकू लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्या होत्या, तेव्हाचा त्यांचा पासपोर्ट. “अजून मुदत आहे की गं, चांगले चार महिने!” काकू खुशीत होत्या. पण मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षांचा असला, तरी शेवटचे सहा महिने अनेक देश धरतच नाहीत. दुबई काय, सिंगापूर काय, तिथे उतरताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. म्हणजे १० जानेवारीला उतरणार असाल, तर तो १० जुलैपर्यंत तरी चालायला हवा. काकूंनी नव्याने अर्ज केला आणि आम्ही सगळ्यांनी सहल तीन आठवडे पुढे ढकलली. तिकिटं आधी काढली असती तर? एक तर काकू मागे राहिल्या असत्या, नाहीतर पैसे बुडाले असते.

इथे आणखी एक लक्षात ठेवा. पासपोर्ट नवा झाला की नंबर बदलतो, म्हणून आधी पासपोर्ट, मग व्हिसा. आणि जुनं पुस्तक टाकू नका. त्यात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, तर नवा-जुना दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवून त्यावर जाता येतं.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र नावाचा! बाईच्या नावाची तऱ्हाच निराळी. एका वहिनींचा पासपोर्ट लग्नाआधीचा, माहेरच्या नावाचा. आधारकार्ड सासरच्या नावाचं. सासूबाई म्हणाल्या, “माहेरच्या नावानं परदेशात जाणार? बरं दिसतं का ते?” वहिनी हिरमुसल्या. म्हणाल्या, “मी राहू दे, तुम्ही जाऊन या.” पण लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे, असा काही कायदा नाही. हवं तर बदला, नको तर नका बदलू. फक्त पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट या तिन्हींवर नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. परदेशप्रवासात आधार नाही, पासपोर्ट बघतात. वहिनींचं तिकीट माहेरच्या नावानंच निघालं!

आणि हो, कुणाच्या पासपोर्टवर एकच शब्द असेल, नुसतं नाव, आडनाव नाही, तर दुबईसाठी आधी चौकशी करा. नोव्हेंबर २०२२मध्ये अमिरातीने अशा पर्यटकांसाठी नियम कडक केले.

आमच्यातल्या पंचेचाळिशीच्या एक ताई पासपोर्ट दाखवायलाच तयार नव्हत्या. त्यावर ‘ईसीआर’ अशी अक्षरं होती. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ती असतात. “मला अडवतील, सगळ्यांसमोर शिक्षण विचारतील,” ही त्यांची भीती. अहो, ती अट काही ठराविक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे. फिरायला जाणाऱ्यांना त्या वेगळ्या परवानगीची गरज नाही. परतीचं तिकीट आणि व्हिसा जवळ ठेवायचा, बस्स!

आता व्हिसा. शेजारची गेल्या वर्षी जाऊन आली, म्हणून तिचं ऐकून निघू नका. थायलंडचंच बघा ना. नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांनी भारतीयांना तीस दिवस व्हिसाशिवाय येऊ दिलं, जुलै २०२४मध्ये साठ दिवस केले, आणि मे २०२५पासून निघण्याआधी ऑनलाइन माहिती भरणं सक्तीचं केलं. म्हणून पैसे भरण्याआधी त्या देशाच्या वकिलातीच्या वेबसाइटवर स्वतः बघा, लेकाला-लेकीला बघायला सांगा. व्हिसा हातात आला की नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि दिवस वाचून घ्या. व्हिसा द्यायचा की नाही, हे तो देश ठरवतो, टूरवाले नव्हे. एखादीला नाकारला, तर किती पैसे परत मिळतील, हे त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या.

ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही, त्यांनीही घाबरू नये. २०१७पासून अनेक ठिकाणी मुख्य पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आहेत. साध्या अर्जाची फी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर २००० जास्त. अर्ज ऑनलाइनच भरायचा. पण खोट्या वेबसाइटही आहेत बरं का! सरकारी वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, ते बघूनच पैसे भरा. नंतर पोलीस चौकशी होते, त्यात दिवस जातात. म्हणून सहलीच्या चार महिने आधी कामाला लागा.

शेवटी एकच सांगते मैत्रिणींनो. पासपोर्टवर फोटो आपला, सही आपली, मग तो कुठे ठेवलाय, कधी संपतोय, हे घरच्यांना का विचारायचं? आज दुपारी कामं आवरली की तो शोधा, मुदत वहीत लिहून ठेवा आणि पुस्तक स्वतःच्या कपाटात ठेवा. साड्यांच्या घडीत ठेवलं तरी चालेल!