बाळाच्या पाठीतला बंब

थंडीच्या सकाळी आंघोळ करून बाहेर आलात, की दात कडकड वाजतात ना? कुडकुडताना आपले स्नायू भराभर हलतात आणि अंगात ऊब तयार होते. पण तान्ह्या बाळाकडे बघा. गारठा लागला तर ते रडतं, हातपाय झाडतं, कुडकुडत मात्र फारसं नाही. मग त्याला ऊब देतं कोण?

त्याच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधे, चक्क एक बंब असतो! तपकिरी चरबीचा बंब. साधी चरबी इंधन साठवते, तर ही चरबी इंधन जाळते. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या इवल्या भट्ट्या गच्च भरलेल्या असतात. त्यांच्यात लोह असतं, म्हणून हा तपकिरी रंग.

आता बंब पेटवायचा कसा? कातडीला गारवा लागतो, मेंदूला कळतं. मेंदू मज्जातंतूंमार्फत निरोप धाडतो. चरबीपाशी मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन सुटतं आणि पेशीला जाग येते.

जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची एक जाडजूड वही असते. कोणतं प्रथिन कसं बनवायचं, ते तिच्यात लिहिलेलं. वही सगळ्या पेशींत तीच, पण मेंदूची पेशी वेगळी पानं वाचते, कातडीची वेगळी. थंडी पडली की तपकिरी चरबी एक खास पान जोरजोरात वाचू लागते. त्याचं नाव यूसीपी१.

हे पान उघडायला मदत करणारं एक प्रथिन अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये सापडलं. उंदरांना थंडीत ठेवलं, तर त्यांच्या तपकिरी चरबीत ते झपाट्यानं वाढलं! त्याचं नाव पीजीसी-१-अल्फा. नव्या भट्ट्या बांधायलाही तेच मदत करतं.

आणि या पानावरून बनणारं यूसीपी१ प्रथिन काय करतं? मायटोकॉन्ड्रिया म्हणजे एक धरण समजा. भिंतीपलीकडे पाण्याऐवजी प्रोटॉन साठतात. ते खाली येताना चक्र फिरवतात आणि पेशीच्या कामाची ऊर्जा तयार होते. यूसीपी१ त्याच भिंतीत दुसरा दरवाजा उघडतं. प्रोटॉन चक्राला न शिवता आत घुसतात, आणि ऊर्जेची होते नुसती ऊब!

डुकरांच्या वहीतलं हेच पान फाटलेलं आहे. म्हणून त्यांची पिल्लं थंडीत कुडकुडतात, एकमेकांना बिलगून झोपतात.

मोठेपणी हा बंब नाहीसा होतो, असं बरीच वर्षं वाटायचं. पण २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की अनेक मोठ्या माणसांच्या मानेजवळ आणि गळपट्टीच्या हाडावर तो शिल्लक असतो आणि थंडीत पेटतो.

गंमत म्हणजे, एवढं सगळं होऊनही वहीतलं एकही अक्षर बदलत नाही. ऊब आली की पान हळूहळू मिटतं, पुढच्या गारठ्यापर्यंत.

बाळाचा बंब मात्र छोटा, आणि त्याचं इंधनही थोडं. म्हणून आजी त्याला टोपडं घालते, दुपट्यात गुंडाळते. आज ते दुपटं तुम्ही आणून द्या!