पोटातले शेजारी शत्रू होतात तेव्हा

मंडईत सगळे गाळे भरलेले असले की नव्या माणसाला पथारी टाकायला जागा मिळत नाही. आपल्या आतड्यांचेही तसेच आहे. तिथे अब्जावधी जिवाणूंची दाट वस्ती असते. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारकच. त्यांच्यातच ई. कोलाय, क्लेबसिएला आणि एन्टरोकॉकस हे संधिसाधूही गुपचूप राहतात. जागा सोडून मूत्रमार्गात, रक्तात किंवा ऑपरेशनच्या जखमेत शिरले, की तेच आजार देतात. स्त्रियांना वारंवार होणाऱ्या लघवीच्या जळजळीमागे बहुतेक वेळा ई. कोलाय असतो. म्हातारी माणसे, मधुमेही आणि लघवीची नळी लावलेले रुग्ण यांना धोका अधिक.

सर्दी-पडशासाठी दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणले, तर विषाणूवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. आतड्यातले गरीब जिवाणू मात्र मरतात आणि रिकाम्या गाळ्यांवर औषधाला दाद न देणारे कब्जा करतात. शिवाय हे जिवाणू प्रतिकाराची जनुके प्लाझ्मिड नावाच्या छोट्या कड्यांतून शेजाऱ्यालाही देतात. काहींजवळ औषधच तोडून टाकणारी विकरे असतात. मग साध्या गोळीने बरा होणारा आजार सलाईन आणि इस्पितळापर्यंत जातो.

पुण्याजवळच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशात पेनिसिलीन बनू लागले. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी त्याआधीच, १९४५ च्या नोबेल भाषणात, अपुरा डोस घेतल्यास जंतू निर्ढावतील, असा इशारा दिला होता.

म्हणून घरात एवढे पाळू या. पाकिटावर लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस घ्यावे. उरलेल्या गोळ्या भाभीला किंवा शेजारणीला देऊ नयेत. लघवीचा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर औषध सुरू करण्याआधी लघवीचे कल्चर करून घ्यावे. पाणी भरपूर प्यावे, लघवी रोखून धरू नये. मुलींना शौचानंतर पुढून मागे स्वच्छता करायला शिकवावे. तहारतीचा हा साधा नियम मोठे दुखणे टाळतो. मंडईतून आणलेली कोथिंबीर, मुळा, काकडी वाहत्या पाण्यात नीट धुवावी आणि कच्च्या गोश्तची सुरी-पाट वेगळा ठेवावा.

अँटिबायोटिक ही सर्वांची अमानत आहे. आज विनाकारण उधळले, तर उद्या आपल्याच अम्मीच्या न्यूमोनियाला किंवा नातवाच्या तापाला ते उपयोगी पडणार नाही.