चहाचं खोकं गाऊ लागलं

डबल बेस पाहिलाय कधी? माणसाच्या उंचीचं, व्हायोलिनसारखं दिसणारं वाद्य. त्यातून असा खर्ज निघतो की तो कानाआधी पोटात घुमतो. आता विचार करा, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना बँड काढायचाय, बँडला खर्ज तर हवाच, आणि एवढं महाग वाद्य घ्यायला खिशात पैसे नाहीत. मग?

१९५६-५७ साली इंग्लंडमधल्या मुलांनी वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं. आसामचा, दार्जिलिंगचा, श्रीलंकेचा चहा तेव्हा पातळ प्लायवूडच्या मोठाल्या खोक्यांतून बोटीने तिकडे जायचा. मुलांनी खोकं पालथं घातलं, मधोमध भोक पाडलं, दोरी ओवून आतून पक्की गाठ मारली. दोरीचं दुसरं टोक झाडूच्या दांड्याला बांधलं, दांडा खोक्याच्या कडेवर उभा टेकवला आणि दोरी छेडली. ढुम्! झाला बेस तयार.

पण दोरी एकच, मग वेगवेगळे सूर निघतात कसे? दांडा मागे ओढला की दोरी ताणली जाते आणि सूर चढतो. सैल सोडला की उतरतो. ताणलेल्या दोरीला जागेवर परतायची घाई जास्त, म्हणून ती सेकंदाला जास्त वेळा थरथरते. मात्र ताण दुप्पट केला म्हणून थरथर दुप्पट होत नाही हं! लांबी तेवढीच ठेवून खालच्या ‘सा’वरून वरच्या ‘सा’वर जायचं, तर थरथर दुप्पट व्हावी लागते आणि त्यासाठी ताण करावा लागतो चौपट. एका सप्तकासाठी दंडात चांगलाच जोर हवा!

आणि खोकं कशासाठी? दोरीचं एक टोक पायाखाली दाबा, दुसरं हातात धरून ताणा आणि छेडा. आवाज जेमतेम येईल. बारीक दोरी हवा कापत जाते, तिला फारशी ढकलत नाही. खोक्याला बांधलेली दोरी मात्र गाठीपाशी फळीला हिसके देते, फळी थरथरते आणि एवढी रुंद फळी पुष्कळ हवा एकदम हलवते. खोकं स्वतःच्या पदरचं काहीच घालत नाही बरं का. सगळी ऊर्जा तुमच्या बोटाची. खोकं ती भराभर हवेत देऊन टाकतं, म्हणून आवाज मोठा होतो आणि लवकर विरतोही.

हीच युक्ती आपल्याकडच्या चौंडक्यात आहे. यल्लम्माची गाणी म्हणणारे जोगती ते काखेत धरून वाजवतात. नळकांड्याच्या एका तोंडाला चामडं, चामड्याच्या मध्यातून निघालेली तार, आणि तारेचं टोक हातात. तार ओढली की सूर चढतो, सोडली की उतरतो. इंग्लंडमधल्या मुलांनी चौंडकं पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत ही कल्पना अमेरिकेतून आली. तिथे कपडे धुण्याचा पत्र्याचा टब पालथा घालून असाच बेस करत. आफ्रिकेत तर जमिनीत खड्डा खणून, त्यावर झाकण ताणून, वाकवलेल्या फांदीला दोरी बांधत. जमीनच वाद्य! मला या सगळ्यात तीच सर्वांत अफाट वाटते.

या घरगुती बँडच्या संगीताला इंग्लंडमध्ये ‘स्किफल’ म्हणत. बेसच्या जोडीला कपडे घासायची खाचांची पाटी असे. बोटांत शिवणकामाची अंगुस्तानं घालून ती खरवडली की ताल मिळे. १९५६ साली लॉनी डोनेगन या गायकाचं आगगाडीवरचं एक गाणं तुफान गाजलं आणि गल्लोगल्ली असे बँड निघाले. लिव्हरपूलमधल्या एका बँडचं नाव होतं ‘क्वॉरीमेन’. ६ जुलै १९५७ला चर्चच्या जत्रेत तो चहाच्या खोक्यासकट वाजला. गाणारा मुलगा सोळा वर्षांचा, जॉन लेनन. त्याच दिवशी तिथे त्याची पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली. पुढे याच बँडमधून ‘बीटल्स’ हा जगप्रसिद्ध बँड तयार झाला!

डोनेगनने १९६० साली कचरा उचलणाऱ्या बाबांवर एक विनोदी गाणं म्हटलं, ते तर विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. फिरकी घेणारी गाणी आणि घरी केलेली वाद्यं यांची जुनीच मैत्री आहे. पुढे ‘पंक’ या धसमुसळ्या रॉक संगीतवाल्यांनी हा ‘स्वतःच करा’ बाणा तबकड्यांपर्यंत नेला. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ बँडने डिसेंबर १९७६मध्ये उसन्या पैशांतून एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कुठल्याही मोठ्या कंपनीकडे न जाता स्वतःच तबकडी काढली. त्यातलं एक गाणं कंटाळ्यावर आहे. मोठे गिटारवादक गाण्यात मध्येच बोटांची करामत दाखवतात ना, त्या जागी यांचा गिटारवादक वाजवतो फक्त दोन सूर. तेच दोन, पुन्हा पुन्हा! ऐकणाऱ्याला हसू फुटतं आणि पाय ठेकाही धरतो.

तुम्हाला बेस करायचा असेल, तर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. भोक मोठ्यांकडून पाडून घ्या आणि पत्र्याची धार घासून बोथट करा. सुतळी आणि नायलॉनची दोरी, दोन्ही लावून पाहा. कोणती जास्त वेळ घुमते? मग डबा जमिनीवर सपाट न ठेवता एका बाजूने विटेवर उचलून वाजवा आणि आवाजात काय फरक पडतो ते आम्हाला लिहून कळवा.