ठिणगी जागेवरच हवी

स्कूटर सुरू होईना की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असे, "प्लग साफ केला का?" मग पाना शोधायचा, प्लग काढून पॉलिशपेपरने घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा. एका पिढीच्या कितीतरी रविवार सकाळी अशा गेल्या. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, ओरलँडोजवळ राहणाऱ्या पुतण्याकडे गेलो होतो, तेव्हा त्या सकाळी पुन्हा भेटल्या. फरक एवढाच, की एका प्लगच्या जागी आठ होते आणि वाहन घरामागच्या तळ्यात धक्क्याला बांधलेले होते.

ती त्याची जुनी स्की-बोट, १९७०च्या दशकातली. पायांना फळ्या बांधायच्या, धावत्या बोटीला बांधलेली दोरी धरायची आणि पाण्यावरून घसरत जायचे, हा तो खेळ. १९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणाने तो पहिल्यांदा जमवला. पुढे फ्लोरिडाच्या तळ्यांनी त्याला आपलेसे केले. १९३६ मध्ये सुरू झालेले सायप्रेस गार्डन्स इथल्या स्कीइंगच्या खेळांसाठी जगभर गाजले.

या खेळाच्या बोटी 'इनबोर्ड' असतात. म्हणजे इंजिन मागे लटकत नाही. ते बोटीच्या पोटात, मधोमध, एका खोक्याखाली बसते आणि पंखा तळाखाली फिरतो. त्यामुळे मागे पाण्यात असलेला माणूस पात्यांपासून लांब राहतो आणि बोटीमागच्या लाटाही फार उसळत नाहीत. इंजिन मात्र मूळचे मोटारीचेच, आठ सिलिंडरचे, पाण्यावरच्या कामासाठी फेरफार केलेले. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे. सगळी गोम तिथेच आहे.

पुतण्याने आधी बॅटरीची तार सोडवली. मग एकेक प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडला. डॉक्टर जीभ पाहतात तसे प्लगचे टोक पाहायचे असते. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरेफटक म्हणजे इंजिन नको तितके तापते आहे. ओले, तेलकट असेल तर दुखणे आतले, नुसता प्लग बदलून भागणार नाही.

त्याची दहा वर्षांची मुलगी तारा धरून बसली होती. "बाबा, सगळ्या एकदम काढू?" तिने विचारले. "अजिबात नको, एका वेळी एकच!" तो म्हणाला. आठ तारांचा क्रम ठरलेला असतो. दोन तारांची अदलाबदल झाली, तर ठिणगी भलत्या वेळी भलत्या सिलिंडरमध्ये पडते.

मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण निघाले. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइल वीस हजारांच्या घरात नेते आणि आत फिरणारा रोटर तो दाब पाळीपाळीने एकेका प्लगकडे पाठवतो. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वेगाने इंजिन चालले, तर मिनिटाला सोळा हजार ठिणग्या पडतात. त्यातल्या काही चुकल्या तरी इंजिन अडखळते, आणि तळ्याच्या मध्यावर, माणूस पाण्यात असताना ते बंद पडणे बरे नव्हे. झाकणाच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली, तर ती विजेने शोधलेली चोरवाट समजावी. असे झाकण पुसून चालत नाही, बदलावेच लागते. पुतण्याला तशी रेघ सापडली. नवे झाकण त्याने आणूनच ठेवले होते. शेवटी पॉइंटमधली फट पातळ पट्टीने मोजून झाली. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी.

"काका, मोटारीच्या दुकानात हेच सामान निम्म्या किमतीत मिळते," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी मी तिथूनच आणले होते. चपखल बसत होते. पण इथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने ते हातात घेतले आणि बसवायला साफ नकार दिला."

कारण साधे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. मोटारीत गळती झाली तर वाफ खाली रस्त्यावर उतरते आणि वाऱ्याबरोबर जाते. बोटीला खालून वाट कुठली? पाणी आत येऊ नये म्हणून जो तळ बंद केला, तोच वाफेला बाहेर जाऊ देत नाही. ती इंजिनखाली साचून राहते. डिस्ट्रिब्युटरच्या आत तर सतत ठिणग्या उडत असतात. मोटारीच्या डिस्ट्रिब्युटरला हवेसाठी उघडी भोके असू शकतात. बोटीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये अशा वाटांवर बारीक जाळी असते. आत भडका उडाला तरी ज्वाळा बाहेर पडू नये म्हणून. स्टार्टर आणि अल्टरनेटरही त्याच बेताने बनवलेले असतात. पेट्रोलवर चालणाऱ्या अशा बोटींसाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा तसा नियमच आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वाचवलेल्या पैशांचा हिशेब मात्र एखाद्या सकाळी, घरची माणसे बोटीत बसलेली असताना, होऊ शकतो.

आताच्या नव्या इंजिनांत पॉइंट नाहीत, डिस्ट्रिब्युटरही नाही. ठिणगीचे वेळापत्रक संगणक सांभाळतो. पण पेट्रोलची वाफ पूर्वीइतकीच जड आहे आणि बोटीचा तळही पूर्वीसारखाच बंद आहे.

सगळे जागच्या जागी बसले, बॅटरी जोडली. मला वाटले, आता किल्ली फिरवणार. त्याने खोक्याचे झाकण उघडे ठेवून आधी इंजिनाजवळ नाक नेले आणि वास घेतला. मग ब्लोअर लावला. हा पंखा तळातली हवा बाहेर फेकतो. सुरू करण्याआधी तो चार मिनिटे चालवावा, अशी सूचनाच बोटीवर लावलेली असते. चार मिनिटे तशी थोडी, पण पाण्यात उतरायला अधीर झालेल्या मुलीला ती फार लांब वाटणार, असे मला वाटले.

ती मात्र लाइफ जॅकेट घालून घड्याळाकडे पाहत शांत बसली होती. मी उगाच म्हणालो, "झाले की, करू या सुरू?"

"नाही आजोबा," ती म्हणाली, "अजून एक मिनिट आहे."