बारशाचे जेवण आणि परसातील वाफे

कास्तकाराच्या घरी पेरणीचा खर्च ठरल्या वेळी येतो व त्याची तजवीज तो कशीबशी करून ठेवतो. बारसे, जावळ, लग्न, तेरवी हे प्रसंगही प्रत्येक घरी यावयाचेच. परंतु त्यांची तजवीज आधी कोणी करीत नाही. प्रसंग दारात उभा राहिला म्हणजे दुकानी माणूस धाडावयाचा, आचाऱ्यास सांगावयाचे आणि हिशेब सुगीवर ढकलावयाचा, ही आपल्या वऱ्हाडातील रीत. महसूल खात्यात कारकुनी करीत असता सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात बोजाच्या नोंदी आम्ही पुष्कळ लिहिल्या. आणि त्यांतील काही बोजे ज्या लग्नांमुळे चढले, त्या लग्नांत आम्ही जेवूनही आलो होतो.

दुसऱ्यांचे दाखले देण्याचे आम्हांस कारणही नाही. आमच्या थोरल्या मुलीचे लग्न वैशाखात झाले. परसात त्या वेळी कढीनिंबाच्या झाडाखेरीज हिरवे म्हणून काही नव्हते. भाजी बाजारची, आचारी शहरचा, पंक्ती तीन. बियाण्याकरिता काढलेले पीककर्ज मांडवात खर्ची पडले, आणि मृग लागताच बियाण्यासाठी खाजगीत हात पसरावा लागला. ते देणे फेडता फेडता सहा वर्षे गेली व धुऱ्याकडील एक एकराचा तुकडा विकावा लागला. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे बोजे नोंदविले त्यास एवढेही समजू नये, असे वाचक म्हणतील. ते खरेच आहे.

या बाबतीत आपल्याच भागातील एक उदाहरण फार जुने आहे. श्रीगाडगेबाबा, मूळचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, हे 1876 साली अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगाव येथे जन्मले. वडील लवकर वारले, त्यामुळे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी ते वाढले. गुरे राखली, नांगर धरला. मामाची जमीन सावकाराच्या कागदांत कशी अडकली हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिले. पुढे स्वतःच्या मुलीचे बारसे आले. जातीच्या चालीप्रमाणे अशा दिवशी दारू व मांस यांचे जेवण द्यावयाचे असे. डेबूजींनी दोहोंस फाटा दिला आणि गोडाचे साधे जेवण वाढले. भाऊबंद रुसले, परंतु ते हलले नाहीत. 1905 साली घर सोडून ते गावोगाव हिंडू लागले, तेव्हाही कर्ज काढून सणवार व लग्ने करू नका हे त्यांच्या कीर्तनातील मुख्य सांगणे राहिले. 1956 च्या डिसेंबरात वलगावजवळ त्यांचा देह पडला. अमरावतीच्या विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे. त्यांच्या घरच्या त्या पंगतीची आठवण मात्र कोणा बारशाच्या मांडवात निघालेली आम्ही ऐकली नाही.

गतसाली मधल्या मुलीस दिवस गेल्याची बातमी चैत्रात आली. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे बारसेही आमच्याच घरी. आमच्या घरातून त्याच दिवशी बोटे मोजून झाली: प्रसूती कार्तिकाच्या अखेरीस, बारसे मार्गशीर्षात. “पेरणीला मृगाची वाट पाहता, मग बारशाच्या भाजीला का नाही?” असा प्रश्न आम्हांस करण्यात आला व त्यास उत्तर नव्हते. लग्नाची तिथी दोन महिने आधी ठरते. बाळ मात्र चांगली सहा-सात महिन्यांची सूचना देते. एवढ्या मुदतीत परसात काय होणार नाही?

हिशेब उलट्या बाजूने करावयाचा. वांग्याचे रोप वाफ्यात चार-पाच आठवडे राहते, व लागणीनंतर पहिले फळ येण्यास दोन-सव्वादोन महिने लागतात. म्हणून बी आषाढात टाकले व रोपे श्रावणात लावली. लाल भोपळा, ज्यास आपल्याकडे कोहळे म्हणतात, त्यास साडेतीन महिने हवेत, परंतु पिकलेले फळ कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकते. ते मृगातच कुंपणाकडेला लावून मोकळे झालो. वालही तेव्हाच मांडवावर चढविले. त्यास फुलोरा दिवस लहान होऊ लागल्यावरच येतो, आधी घाई करून उपयोग नाही. मेथी तीन-चार आठवड्यांची बाब, म्हणून ती दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा टाकली. बाळ काही पंचांग पाहून येत नाही! तारखांचा हा सर्व पसारा घरातून कोळशाने भिंतीवर लिहिला गेला होता, आणि आमच्या कारकुनीच्या वह्यांपेक्षा तो अधिक नीट होता हे कबूल केले पाहिजे.

काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून रोपे पिवळी पडतात, म्हणून वाफे वीतभर उंच केले. पावसाळा सरल्यावर न्हाणीचे पाणी पाटाने केळीकडे नेले. वांग्याचे शेंडे सुकू लागले की आत अळी आहे असे समजावे. सुकलेला शेंडा खुडून जाळावा, नुसता बांधावर टाकू नये. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावी. एवढ्याने आमचे काम भागले. पूर्णेच्या दोन्ही अंगांस खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या बांधवांची गोष्ट निराळी. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने जमीन दगडासारखी होते. त्यांनी पावसावर येईल तेवढेच घ्यावे व पुढे शेततळ्याचे पाणी जपून वापरावे. पालक थोडा खार सोसतो, घेवडा सोसत नाही.

बारशास सव्वाशे पाने झाली. ज्वारीच्या भाकरी, तुरीचे वरण, भात, वाल-वांग्याची भाजी, मेथी घालून बेसन, ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी, आणि गोडास कोहळ्याची बोंडे, पाळण्याखाली घुगऱ्या. वांगी अठरा किलो लागली, ती सर्व घरची. तांदूळ, गूळ, तेल, मीठ व थोडा मसाला एवढेच विकत आले, तेही रोखीने. भाकरी शेजारच्या आठ घरांतून भाजून आल्या. त्या घरांच्या कार्यांस आम्ही जाणे हे ओघानेच आले.

विहीणबाईंच्या मनात बुंदीचे लाडू होते, हे प्रथम त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. बोंडांचा दुसरा फेरा त्यांनीच मागितला. जाताना त्यांस एक कोहळे व वालाचे बी दिले. जावईबापूंनी ते मोटारीत पायाशी न ठेवता मांडीवर घेतले.

थोड्याच दिवसांत संस्थेचे पीककर्ज भरण्याची मुदत येते. या खेपेस रक्कम जागेवर आहे. वांग्याची चार फळे झाडावरच पिकू देऊन त्यांचे बी काढले, राखेत घोळले व मडक्यात घालून तोंड बांधून ठेवले आहे. धाकटीकडून अद्याप काही बातमी नाही.