तास कोणाचा?

पुढे पळणाऱ्या आणि मागे पडणाऱ्या घड्याळांची उदाहरणे शालेय अंकगणितात पूर्वीपासून आहेत. आता ती स्पर्धा-परीक्षांच्या बुद्धिमत्ता-चाचणीतही येऊन बसली आहेत. विद्यार्थी ती सोडवतात, पण पुष्कळदा सूत्र पाठ करून. आणि सूत्र विसरले की उदाहरणही हातचे जाते. आमच्या मते येथे सूत्राची गरजच नाही. एकच प्रश्न विचारावयाचा असतो : ज्या तासाची गोष्ट चालली आहे, तो तास कोणाचा?

एक साधे उदाहरण घेऊ. एक घड्याळ दर तासाला ५ मिनिटे पुढे जाते. सकाळी ६ वाजता ते बरोबर लावले. संध्याकाळी त्यात ७ वाजलेले दिसले, तर खरे किती वाजले? घाईचा विद्यार्थी म्हणतो, सहापासून सातपर्यंत तेरा तास झाले. तेरा पंचे पासष्ट. तेव्हा घड्याळ ६५ मिनिटे पुढे आहे, आणि खरी वेळ ५ वाजून ५५ मिनिटे. उत्तर दिसावयास मोठे देखणे आहे. पण ते तेरा तास मोजले कोणी? त्या पळपुट्या घड्याळानेच ना! कापडाचा गज आखूड असला तर मोजणी जास्त भरते आणि कापड कमी मिळते. पुढे जाणारे घड्याळ हा असाच एक आखूड गज होय. त्याचे तेरा तास आपले तेरा नव्हेत.

मग त्रैराशिक मांडावे. खऱ्या ६० मिनिटांत हे घड्याळ ६५ मिनिटे दाखवते. म्हणजे त्याची ६५ मिनिटे झाली की आपली ६० होतात. तर त्याच्या १३ तासांची, म्हणजे ७८० मिनिटांची, आपली किती? ७८० ला ६० ने गुणून ६५ ने भागले की ७२० येतात. बारा तास. खरे बरोबर सहा वाजले. ताळा करून पाहा : बारा खऱ्या तासांत घड्याळ बारा पंचे साठ मिनिटे पुढे गेले, आणि सातातून एक तास गेला की सहा उरतात. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त त्रैराशिक सांगताना प्रमाण आणि इच्छा ही एकाच जातीची असावीत अशी अट घातली आहे. येथे ६५ हे प्रमाण आणि ७८० ही इच्छा. दोन्ही त्या खोट्या घड्याळाची मिनिटे आहेत, म्हणून गणित जुळले. घाईच्या विद्यार्थ्याने खोटे तास खऱ्या तासांच्या जागी बसवले, आणि तेथेच तो घसरला.

मागे पडणाऱ्या घड्याळाचेही हेच. दर तासाला ५ मिनिटे मागे पडत असेल, तर त्याची ५५ म्हणजे आपली ६०; त्याने ११ तास दाखवले की आपले १२ होतात. यात अधिक सांगण्यासारखे काही नाही.

मात्र त्या विद्यार्थ्याच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. ‘दर तासाला’ याचा अर्थ ‘घड्याळाच्या स्वतःच्या दर तासाला’ असा घेतला, तर त्याची ६० मिनिटे आपल्या ५५ बरोबर होतात, आणि ७८० मिनिटांची ७१५ येतात. ७१५ म्हणजे ११ तास ५५ मिनिटे. सहात मिळवा, ५ वाजून ५५! म्हणजे उत्तर चुकीचे नव्हते, ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते. परीक्षेतला तास बहुधा खरा तास असतो. पण प्रश्न काढणाऱ्यांनी तेवढे स्पष्ट लिहावे, हे बरे.

प्रत्येक चुकीचे घड्याळ मात्र या जातीचे नसते. आमच्या नागपूरचेच पाहा. नागपूरचे रेखांश सुमारे ७९ अंश ५ कला, आणि भारतीय प्रमाणवेळ ठरते ती ८२ अंश ३० कलांवरून. दर अंशास ४ मिनिटे, म्हणून ३ अंश २५ कलांची १३ मिनिटे ४० सेकंद होतात. नागपूरची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या तेवढी मागे आहे. ही प्रमाणवेळ १९०६ साली आली. त्याआधी आगगाड्या मद्रासच्या वेळेवर चालत, आणि नागपूर मद्रासपेक्षा जेमतेम पाच मिनिटे मागे. त्यामुळे गावच्या वेळेवर विसंबून स्थानकावर जाणाऱ्याला पाचच मिनिटांनी गाडी चुकण्याचा धोका असे. पण हे पाच मिनिटांचे अंतर आज जेवढे, तेवढेच उद्या. दोन्ही घड्याळांचे तास सारखेच लांब आहेत. येथे त्रैराशिक नको, नुसती वजाबाकी पुरे.

कधी दोन्ही प्रकार एकत्र येतात. रविवारी सकाळी ८ वाजता एक घड्याळ ३ मिनिटे मागे होते; पुढच्या शनिवारी सकाळी ८ वाजता ते ५ मिनिटे पुढे निघाले. ते बरोबर वेळ केव्हा दाखवत होते? सहा दिवसांत, म्हणजे १४४ खऱ्या तासांत, ते एकूण ८ मिनिटे पुढे सरकले. म्हणजे १८ तासांस एक मिनिट. मागची ३ मिनिटे भरून निघण्यास ५४ तास लागले. उत्तर, मंगळवारी दुपारी २ वाजता. येथे ३ आणि ५ यांची बेरीज करावयाची की वजाबाकी, इतकेच जपावे लागते.

ही घड्याळे केवळ पुस्तकात असतात असे कोणी समजू नये. ज्यांच्या घरी अजून लंबकाचे घड्याळ भिंतीवर आहे, त्यांना नागपूरचा उन्हाळा हेच उदाहरण घालतो. उष्णतेने लंबकाची दांडी लांबते. लांब लंबक सावकाश झुलतो. पितळ दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे १९ भाग लांबते. पौषातली खोली आणि वैशाखातली खोली यांत १५ अंशांचा फरक धरला, तर दांडी दहा लाखांत २८५ भाग लांबली. झोक्याचा काळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून तो निम्म्यानेच, सुमारे १४२ भागांनी, वाढतो. दिवसाचे सेकंद ८६,४००; तेव्हा घड्याळ रोज सुमारे १२ सेकंद, आणि महिन्याला ६ मिनिटे मागे पडेल. दांडी पोलादी असेल तर रोज ८ सेकंदांच्या आसपास.

येथे दिवस खरा धरा की घड्याळाचा, फरक सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकाही पडत नाही. तासाला पाच मिनिटांच्या घड्याळात जो प्रश्न सर्वस्व होता, तो येथे सोडून दिला तरी चालतो. चूक लहान झाली की हा भेद तिच्याहूनही फार वेगाने लहान होतो.

वीत-सव्वावीत, म्हणजे २५ सेंटिमीटर, लंबकाची दांडी वैशाखात लांबते ती ०.०७ मिलिमीटर, जवळजवळ केसाच्या जाडीइतकी. लंबकाच्या गोळ्याखाली जी लहानशी चाकी असते, ती एवढ्यासाठीच. ती किंचित फिरवून गोळा केसभर वर घ्यावा, आणि थंडी पडू लागली की तितकाच खाली सोडावा. नाहीतर तेच घड्याळ पौषात पुढे पळू लागते.