उजाड वस्ती उभी करायचा खेळ आणि आपल्या गावाचा नकाशा

दिवसभराची कामं उरकून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज विषय जरा वेगळा आहे, कॉम्प्युटरवरच्या खेळाचा. "हे आमच्या काय कामाचं?" असं लगेच म्हणू नका. लढाईत उद्ध्वस्त झालेली वस्ती पुन्हा बांधायचा हा खेळ आहे. आणि मोडलेलं पुन्हा उभं करणं हे काम आपल्याला नवं नाही.

२०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा माझी भाची पुण्याहून येऊन आमच्याकडे वाशीमला अडकली होती. दिवसा ऑफिसचं काम आणि रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून खेळ. एकदा मी विचारलं, "काय गं, एवढं काय करतेस त्यात?" ती म्हणाली, "मावशी, लाकडाच्या फळ्या करतेय. वस्तीच्या कामाला द्यायच्यात." मला हसू आलं. मग तिने शेजारी बसवून सगळं दाखवलं. तेच आज तुम्हाला सांगते.

अशा खेळाला भूमिका घेऊन खेळायचा खेळ म्हणतात. आपल्याकडे बहुरूपी यायचा. आज पोलीस, उद्या वैद्य. जे सोंग घेतलं त्याच्यासारखं बोलायचं, चालायचं. लहानपणी भातुकलीत आपणही कोणी आई, कोणी सासू, कोणी दुकानदार होत होतो. इथे तेच, फक्त पडद्यावर. तुम्ही एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं आणि त्या जगात वावरायचं. ऑनलाइन म्हणजे त्याच वेळी दुसऱ्या गावातली, दुसऱ्या देशातली हजारो माणसंही तिथे असतात. एवढी माणसं एका जगात मावत नाहीत, म्हणून त्या जगाच्या अनेक प्रती असतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. प्रत्येक सर्व्हर म्हणजे वेगळं गाव समजा.

भाचीच्या खेळाचं नाव फायनल फँटसी चौदा. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा हा खेळ. आज खेळतात तो २०१३ साली नव्याने सुरू झाला. त्यात इशगार्ड नावाचं डोंगरावरचं, बर्फाळ थंडीतलं शहर आहे. आग ओकणाऱ्या, पंखवाल्या ड्रॅगनांशी या शहराची हजार वर्षं लढाई चालली, अशी गोष्ट आहे. वर सरदारांचे वाडे, खाली गरिबांची वस्ती. लढाई संपली, पण खालच्या माणसांची घरं पडलेली तशीच राहिली.

मग डिसेंबर २०१९ पासून या खेळात पुनर्बांधणी सुरू झाली. ती २०२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने चालली. तिची रीत ऐका.

पहिली गोष्ट, तिथे तलवारीपेक्षा हातातल्या कसबाला महत्त्व होतं. कसबाची कामं आठ: सुतार, लोहार, चिलखत करणारा, सोनार, चामड्याचं काम करणारा, कापड विणणारा-शिवणारा, औषधं तयार करणारा आणि स्वयंपाक करणारा. कच्चा माल आणायला आणखी तिघं: खाणीतला, रानातला आणि मासेमारी करणारा. प्रत्येकाने आपल्या कामाची वस्तू करून द्यायची. मैत्रिणींनो, इथे मी थांबले. मी भाचीला विचारलं, "स्वयंपाकसुद्धा बांधकामात धरतात?" ती म्हणाली, "हो. सुताराचं काम जसं मोजतात, तसंच स्वयंपाक्याचं." आपल्याकडे घर बांधताना गवंडी आणि मिस्तरी मोजले जातात. सिमेंट कालवायला पाणी भरणारी आणि दहा माणसांच्या भाकरी थापणारी कुठल्या हिशेबात येते?

दुसरी गोष्ट, मोजमाप सगळ्यांचं मिळून एकच होतं. कोणी एक फळी दिली, कोणी शंभर दिल्या, तरी सगळं त्या सर्व्हरच्या एकाच खात्यात जमा व्हायचं आणि सगळ्यांना दिसायचं. आपल्या गटाच्या वहीत प्रत्येकीची रक्कम लिहिलेली असते, तरी शिल्लक गटाची असते, तसंच.

तिसरी गोष्ट, एक टप्पा पुरा झाला की हाक दिली जायची आणि त्या सर्व्हरवरचे लोक एका जागी जमून एकाच वेळी कामाला लागायचे. हे ऐकल्यावर मला इर्जिक आठवलं. आज तुझ्या वावरात सगळे, उद्या माझ्या वावरात सगळे.

त्याच खेळात डोमा नावाची दुसरी वस्ती आहे. परक्या साम्राज्याच्या जुलमाने तिथले लोक परागंदा झाले होते. ते परत आले तेव्हा घरं नव्हती. २०१७ पासून खेळात तिची उभारणी करता येते. खेळणारा आपल्याजवळच्या वस्तू वस्तीला देतो आणि खेळातला दुकानदार देतो त्यापेक्षा जास्त भाव त्याला मिळतो. पण आठवड्याला किती द्यायचं याची मर्यादा ठरलेली आहे. कितीही श्रीमंत खेळाडू असला, तरी एका रात्रीत गाव उभं करता येत नाही. दर आठवड्याला थोडं थोडं द्यावं लागतं. आपल्या बचतीची रीत वेगळी काय आहे?

इथवर खेळाचं कौतुक झालं. पण भाचीला मी आणखी एक प्रश्न विचारला, आणि आजचं माझं सगळं सांगणं त्या प्रश्नाभोवती आहे. मी विचारलं, "हे घर इथे, तो चौक तिथे, हे कोणी ठरवलं?" ती म्हणाली, "कंपनीने. आम्ही फक्त बांधायचं." म्हणजे कोणत्याही सर्व्हरवर बघा, शेवटी वस्ती तीच. ज्यांची घरं पडली ती माणसं तर खेळातली चित्रंच. ती आभार मानतात, पण दार कुठल्या बाजूला हवं ते सांगत नाहीत. मेहनत सगळ्यांची, नकाशा मात्र दुसऱ्याचा.

खेळात हे चालून जातं. खऱ्या गावात चालत नाही. ते आपल्याच महाराष्ट्राने पाहिलं आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं कोसळली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. झोपलेल्या माणसांवर तेच आलं. हजारो माणसं गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. सगळ्यात जास्त पडलेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. इतर शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुती करायची होती.

नव्या जागेवरच्या बऱ्याच गावांत घरं पक्की मिळाली, रस्ते सरळ आणि रुंद मिळाले. पण आखणी शहरातल्या कॉलनीसारखी. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, अंगणात बसून चार बाया धान्य निवडायच्या. नव्या गावात घरं दूर दूर गेली, शेजार बदलला, कित्येकांना शेत लांब पडलं. घर मिळालं तरी गाव जमायला वर्षं लागली.

जिथे घरं जागेवरच दुरुस्त करायची होती, तिथे वेगळी वाट निघाली. प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचं काम दिलं गेलं. हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. त्या आपल्यासारख्याच गावातल्या बाया. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं की मदत किती आहे, हप्ता कधी मिळतो, मजबुतीसाठी भिंतीत काय घालायचं. त्या स्वतः भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाच्या गोष्टी शिकल्या आणि चाललेल्या कामावर नजर ठेवू लागल्या. घराचा आराखडा काढून घेताना बाई बोलू लागली. पुढे २६ जानेवारी २००१ ला गुजरातमध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या बाया तिकडच्या बायांना आपला अनुभव सांगायला गेल्या. स्वतःच्या पडलेल्या घरातून त्या दुसऱ्याचं घर सावरायला शिकल्या होत्या.

आता पुन्हा खेळाकडे येऊ. कारण नकाशा राहणाऱ्यांच्या हातात द्यायला एका खेळाचाच उपयोग झाला आहे. माइनक्राफ्ट नावाचा खेळ तुमच्या घरातल्या पोरांना माहीत असेल. २०११ साली तो पूर्ण स्वरूपात बाजारात आला. त्यात चौकोनी ठोकळे रचून घर, रस्ता, बाग, काहीही बांधता येतं. तयार नकाशा नाही. मोकळी जमीन आणि ठोकळे. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही संस्था 'ब्लॉक बाय ब्लॉक' या कार्यक्रमात या खेळाचा वापर करते. कुठे बाग, चौक, मैदान करायचं असेल तर आधी ती जागा खेळात हुबेहूब उतरवतात. मग तिथल्या रहिवाशांना बसवतात आणि म्हणतात, आता तुम्हाला हवं तसं बांधून दाखवा.

हैती या गरीब देशात ले काय नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथे असे लोक बसले, ज्यांतल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कोळ्यांनी समुद्राचं पाणी अडवायला भिंत मांडली. बायांच्या गटाने मांडली सार्वजनिक शौचालयं. एकाच जागेकडे दोघांनी पाहिलं, पण गरज दोघांची वेगळी निघाली. बायांना विचारलंच नसतं, तर शौचालय नकाशावर आलं असतं का? आपल्या मुंबईतही, एम-पूर्व प्रभागात गौतमनगरच्या मोकळ्या जागेसाठी या कार्यक्रमातून काम झालं. कागदावरचा इंजिनिअरचा नकाशा आपल्यातल्या पुष्कळ जणींना कळत नाही. पण ठोकळ्यांचं घर पाहिलं की लगेच म्हणता येतं, "हा दिवा इथे नको, तिकडच्या बोळात हवा."

मैत्रिणींनो, यासाठी लॅपटॉप लागत नाही. रांगोळी पुरते. पुढच्या गटाच्या बैठकीत एवढं करा. सारवलेल्या अंगणात रांगोळीने आपलं गाव काढा. देऊळ, शाळा, अंगणवाडी, हातपंप, रेशन दुकान, पारावरची बसायची जागा, स्मशानाची वाट. पोरांना मदतीला घ्या, त्यांचा हात यात बसलेला असतो. मग तुरीचे दाणे घ्या. अंधारात जिथून जायला भीती वाटते तिथे एक दाणा. पावसाळ्यात चिखल होतो तिथे एक. पाण्यासाठी जास्त चालावं लागतं तिथे एक. सून, सासू, विधवा बाई, तांड्यावरची बाई, भूमिहीन बाई, सगळ्यांच्या हाती दाणे द्या. शेवटी जिथे दाण्यांचा ढीग दिसेल, ते आपलं पहिलं काम.

ते रांगोळीत ठेवू नका, कागदावर उतरवा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, अशी कायद्यात तरतूद आहे. तिथे हे मांडा, ठराव लिहून घ्या, आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलं का ते विचारा. घरकुल मंजूर झालं असेल, तर पाया खणायच्या आधी गवंड्याशी घरातल्या बाईने बोलावं. चुलीचा धूर कुठून जाईल, न्हाणी कुठे, पाण्याची टाकी कुठे. पाया भरल्यावर बोलून उपयोग नसतो.

जाता जाता एक सावधगिरी. सगळेच खेळ असे नसतात. भाचीच्या खेळाला दर महिन्याला वर्गणी आहे. पुष्कळ खेळ फुकट म्हणून सुरू होतात आणि मग कपडे, हत्यारं घ्यायला पैसे मागतात. मुलांना यूपीआयचा पिन सांगू नका. खेळात अनोळखी माणूस बोलतो, त्याला फोटो किंवा पत्ता द्यायचा नाही, हे त्यांना समजावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ साली कायद्याने बंदी घातली आहे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

पण मुलगा खेळताना दिसला की आधी ओरडू नका. एकदा शेजारी बसा आणि विचारा, "काय बांधतोस रे?" आणि पुढचा प्रश्न विसरू नका, "हे असंच बांधायचं, हे कोणी ठरवलं?" तोच प्रश्न मग ग्रामसभेत विचारायची सवय तुम्हालाही लागेल, आणि उद्या त्यालाही.

पुढच्या वेळी भेटू. तुमच्या अंगणातला नकाशा कसा झाला, कुठे दाणे जास्त पडले, ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.